विश्लेषण: ‘मिनिटाला ७०० गोळ्या’ म्हणजे नेमकं काय? जुन्या ब्रेन गनचं गणित आजही का लागू पडतं?

लष्करासाठी नवी मशीनगन येणार अशी बातमी आली की सोशल मीडियावर तिची पोस्ट फिरू लागते. बंदुकीचा फोटो, मागे तिरंगा आणि ठळक अक्षरांत एक आकडा, ‘मिनिटाला ७०० गोळ्या’. भारताने मार्च २०२० मध्ये इस्रायलच्या कंपनीशी १६,४७९ ‘नेगेव्ह’ लाइट मशीनगन घेण्याचा करार केला. सुमारे ८८० कोटी रुपयांच्या या व्यवहारानंतर एलएमजी हा शब्द पुन्हा चर्चेत आला.

आता या आकड्याचा साधा हिशेब करून बघू. नेगेव्हमध्ये वापरलं जाणारं ७.६२ मिमीचं एक काडतूस साधारण २४ ग्रॅमचं असतं. अशी ७०० काडतुसं म्हणजे जवळपास १७ किलो वजन. त्यात गोळ्या जोडणाऱ्या पट्ट्याचं वजन धरलेलंच नाही. म्हणजे बंदूक खरंच त्या वेगाने चालली, तर जवानाच्या पाठीवरचा १७ किलोचा बोजा एका मिनिटात संपेल. दहा मिनिटांची चकमक चालवायला १७० किलो लागतील. डोंगरात, बर्फात किंवा जंगलात हे कोण वाहून नेणार?

याचा अर्थ तो आकडा खोटा आहे असं नाही. तो यंत्र किती भराभर चालू शकतं ते सांगतो. जवान प्रत्यक्षात किती गोळ्या झाडेल, ते सांगत नाही. हा फरक समजून घ्यायला एक जुनी बंदूक फार कामाची आहे. वेग बेताचा, मॅगझिनमध्ये जेमतेम ३० गोळ्या, तरी पन्नास वर्षांहून जास्त काळ ती सैन्यांत टिकली. तिचं नाव ब्रेन गन.

एलएमजी कशासाठी असते?

पायदळाची सर्वात लहान तुकडी म्हणजे सेक्शन, साधारण दहा जवानांची. ही तुकडी शत्रूच्या ठाण्याकडे सरकते तेव्हा कोणीतरी शत्रूला डोकं खाली ठेवायला भाग पाडावं लागतं. हे काम एलएमजीचं. तिच्या माऱ्यामुळे समोरचा माणूस खंदकातून डोकं वर काढत नाही आणि तेवढ्या वेळात बाकीचे जवान पुढे सरकतात.

हेच हत्यार समोरून आलं तर काय होतं, याची नोंद मराठा लाइट इन्फंट्रीच्या इतिहासात आहे. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे यांचं सेक्शन अगदी जवळून मशीनगनच्या माऱ्यात सापडलं. घाडगे सोडून सगळे मारले गेले किंवा जखमी झाले. घाडगे एकटेच धावून गेले, हातबॉम्ब टाकून ती मशीनगन बंद पाडली आणि टॉमी गनने तिथल्या एका सैनिकाला टिपलं. मग त्यांचं मॅगझिन संपलं. बदलायला वेळ नव्हता, म्हणून त्यांनी बंदुकीच्या दस्त्यानेच उरलेल्या दोघांना गाठलं. नंतर शत्रूच्या गोळ्यांनी ते मारले गेले. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याच्या या जवानाला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

या एका घटनेत दोन गोष्टी दिसतात. एक मशीनगन अख्खं सेक्शन संपवू शकते. आणि मॅगझिन कोणत्या क्षणी रिकामं होतं, यावर माणसाचं आयुष्य टांगलेलं असू शकतं.

ब्रेन आली कुठून?

‘ब्रेन’ हे नाव दोन गावांवरून पडलं. ‘ब्र’ म्हणजे तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियातलं ब्रनो आणि ‘एन’ म्हणजे इंग्लंडमधलं एनफिल्ड. मूळ बंदूक ब्रनोच्या कारखान्यातली, व्हाक्लाव्ह होलेक या तंत्रज्ञाच्या आराखड्यावर बनलेली ‘झेडबी २६’.

पहिल्या महायुद्धातल्या लुईस गनला पर्याय म्हणून ब्रिटिश लष्कराने १९३० च्या दशकात वेगवेगळ्या देशांच्या बंदुका तपासल्या. त्यात ही चेक बंदूक सरस ठरली. १९३५ मध्ये उत्पादनाचा परवाना घेतला गेला आणि १९३७ मध्ये एनफिल्डच्या सरकारी कारखान्यातून पहिल्या ब्रेन बाहेर पडल्या.

ब्रिटिश भारतीय सैन्याने मात्र आधीच वेगळी निवड केली होती. १९३३ मध्ये भारतासाठी ‘विकर्स-बर्थिये’ ही एलएमजी स्वीकारली गेली आणि कोलकात्याजवळच्या इशापूरच्या रायफल कारखान्यात ती बनू लागली. वरच्या बाजूला वाकडं मॅगझिन असल्यामुळे जुन्या फोटोंत अनेकदा तिलाच ब्रेन समजलं जातं. पुढे दुसऱ्या महायुद्धात ब्रेन भारतीय पलटणींकडेही आली आणि इशापूरलाही बनू लागली.

चाप ओढल्यावर आत काय होतं?

गोळी सुटते ती जळणाऱ्या दारूच्या वायूने. हा वायू नळीतून गोळीला पुढे ढकलत असताना त्यातला थोडासा एका बारीक छिद्रातून नळीखालच्या नळकांड्यात शिरतो. तिथे पिस्टन असतो. वायूच्या धक्क्याने पिस्टन मागे जातो आणि सोबत बोल्टला मागे नेतो. बोल्ट मागे जाताना रिकामं काडतूस खालच्या बाजूने बाहेर फेकतो आणि दस्त्यातली स्प्रिंग दाबतो. स्प्रिंग बोल्टला पुन्हा पुढे ढकलते, तो मॅगझिनमधून नवं काडतूस उचलून नळीच्या तोंडाशी बसवतो, बोल्टची शेपटी वर उचलून खाचेत अडकते आणि गोळी सुटते. चाप दाबलेला असेपर्यंत हे चक्र चालू राहतं, मिनिटाला साधारण ५०० च्या वेगाने.

यात दोन बारकावे महत्त्वाचे आहेत.

पहिला, वायू किती घ्यायचा ते ठरवणारं रेग्युलेटर. त्यात वेगवेगळ्या मापांची चार छिद्रं असतात. धूळ, चिखल किंवा काजळीमुळे बंदूक मंदावली, की रेग्युलेटर फिरवून मोठं छिद्र समोर आणायचं. वायू वाढतो, धक्का वाढतो आणि बंदूक पुन्हा चालते. उत्तर आफ्रिकेच्या वाळूत आणि ब्रह्मदेशाच्या चिखलात ही सोय फार मोलाची होती.

दुसरा, चाप सोडल्यावर बोल्ट मागेच थांबतो. नळीत काडतूस राहत नाही आणि दोन फैरींच्या मधल्या वेळात हवा खेळते. तापलेल्या नळीत काडतूस पडून राहिलं, तर चाप न ओढताही ते उडू शकतं. बोल्ट मागे थांबल्यामुळे हा धोका टळतो.

मॅगझिन डोक्यावर कशासाठी?

ब्रेन ओळखण्याची सोपी खूण म्हणजे वरून खोचलेलं, केळ्यासारखं वाकलेलं मॅगझिन. ते वाकडं असण्याचं कारण काडतुसात आहे. ब्रिटिशांच्या थ्री नॉट थ्री काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कडा असते. अशी काडतुसं एकावर एक रचली की रांग आपोआप वळते. मूळ चेक बंदुकीच्या काडतुसाला अशी कडा नव्हती, म्हणून तिचं मॅगझिन सरळ होतं.

कडेमुळे आणखी एक कटकट होती. वरच्या काडतुसाची कडा खालच्याच्या पुढे बसली पाहिजे. उलटी बसली तर बंदूक अडकणार. म्हणून मॅगझिन भरणं हेसुद्धा शिकवावं लागे. क्षमता ३० ची असली तरी स्प्रिंगवर ताण येऊ नये म्हणून साधारण २८ च गोळ्या भरायची पद्धत होती.

मॅगझिन वर असल्याचा फायदा जमिनीवर झोपल्यावर कळतो. खाली लोंबणारं मॅगझिन असेल तर बंदूक आणि तिच्यामागचं डोकं तेवढं वर उचलावं लागतं. ब्रेनच्या जवानाला मातीला चिकटून राहता येई. शेजारी झोपलेला साथीदार हात वर करून क्षणात रिकामं मॅगझिन काढी आणि भरलेलं बसवी.

तोटाही होताच. मॅगझिन नजरेच्या आड येई, म्हणून नेम धरायची खाच आणि माशी बंदुकीच्या डाव्या अंगाला बसवली होती. त्यामुळे ती उजव्या खांद्यावरूनच चालवावी लागे. डावखुऱ्यांनाही हात बदलावा लागे.

गरम नळीचं काय करायचं?

मशीनगनची खरी मर्यादा उष्णता असते. दारूच्या ऊर्जेचा मोठा भाग नळी तापवण्यात जातो. नळी जास्त तापली की नेम बिघडतो, आतल्या आट्या झिजतात आणि शेवटी नळी निकामी होते.

जुन्या मॅक्सिम गनने यावर पाण्याचा उपाय काढला होता. नळीभोवती पाण्याची टाकी असे. ती बराच वेळ सलग चाले, पण गाड्यावर किंवा तिपाईवर. एकट्या जवानाने ती उचलून धावणं अशक्य. ब्रेनने वेगळा मार्ग घेतला. नळी तापली की ती काढायची आणि दुसरी बसवायची. बाजूची खिट्टी फिरवली की नळी सुटते. बंदूक उचलायचा जो दांडा असतो तो नळीलाच जोडलेला, त्यामुळे तापलेल्या धातूला हात न लावता ती ओढून काढता येते. सराव असेल तर काही सेकंदांचं काम.

नियमही ठरलेले होते. नेहमीचा वेग मिनिटाला एक मॅगझिन, तेही चार-पाच गोळ्यांच्या छोट्या फैरींत. गरज पडली तर मिनिटाला चार मॅगझिन, म्हणजे सुमारे १२० गोळ्या. या वेगाने साधारण दहा मॅगझिन झाली की नळी बदलायची.

म्हणजे ५०० चा वेग असलेली बंदूक घाईच्या वेळीही १२० वरच चालवली जाई. ५०० हा आकडा एका फैरीपुरता खरा होता, अख्ख्या मिनिटासाठी नाही. चाप दाबून धरला असता तर २८ गोळ्या साडेतीन सेकंदांच्या आत संपल्या असत्या.

बंदूक एकाची, ओझं सगळ्यांचं

ब्रेनचं वजन सुरुवातीला सुमारे दहा किलो होतं, नंतरच्या हलक्या प्रकारात ते नऊच्या खाली आलं. पण खरं ओझं गोळ्यांचं. भरलेलं एक मॅगझिन सव्वा किलोच्या आसपास. हे ओझं एकट्या गनरवर टाकलं नव्हतं. ‘नंबर वन’ बंदूक चालवे. ‘नंबर टू’ सुटी नळी आणि मॅगझिन बाळगे, मॅगझिन बदले आणि मारा कुठे पडतोय ते बघे. बाकीचे रायफलवाले आपापल्या पाऊचमध्ये ब्रेनची दोन-दोन मॅगझिन वाहत. १९३७ साली आलेल्या ब्रिटिश पट्ट्यांचे पाऊच ब्रेनची मॅगझिन बसतील अशाच मापाचे शिवले होते.

इथे मॅगझिनचा छुपा फायदा दिसतो. ते एका जवानाच्या खिशातून दुसऱ्याच्या हातात चटकन जातं. गोळ्यांचा लांब पट्टा चिखलात लोळतो, झुडपात अडकतो आणि धावताना सांभाळावा लागतो.

जर्मनांनी उलटा विचार केला

त्याच युद्धात जर्मनीची एमजी ४२ होती. पट्ट्यावर चालणारी, सुमारे साडेअकरा किलोची, मिनिटाला १,२०० च्या वेगाची. सेकंदाला २० गोळ्या. ब्रेनचं अख्खं मॅगझिन तिने दीड सेकंदाच्या आत संपवलं असतं. तिच्या आवाजाचीच धास्ती होती.

दोन्ही बाजूंनी सेक्शनची रचना वेगळी ठेवली होती. जर्मन सेक्शनमध्ये मशीनगन मुख्य आणि रायफलवाले तिला गोळ्या पुरवायला व राखायला. ब्रिटिश आणि भारतीय सेक्शनमध्ये रायफलवाले पुढे सरकणार आणि ब्रेन त्यांना आधार देणार. एमजी ४२ बचावात भयंकर होती, पण तिची भूक भागवायला तेवढा पुरवठा हवा. ब्रेन कमी खाई, अचूक मारा करी आणि जवानांबरोबर चाले. ‘ब्रेन इतकी अचूक की गोळ्या पसरतच नाहीत’, अशी तक्रारवजा स्तुती जुन्या सैनिकांच्या गप्पांत आजही सांगितली जाते.

कोणती चांगली, याचं उत्तर तुम्ही बसून लढणार की चालत, आणि मागून गोळ्या कोण आणणार, यावर ठरतं.

भारतात पुढे काय झालं?

स्वातंत्र्यानंतरही ब्रेन भारतीय लष्करात राहिली. १९६२ च्या चीन युद्धात जवानांच्या हातात मुख्यतः थ्री नॉट थ्री रायफल आणि ब्रेनच होती. त्यानंतर लष्कर ७.६२ मिमीच्या काडतुसाकडे वळलं. नव्या एसएलआर रायफलीबरोबर ब्रेनही त्याच काडतुसावर बदलून घेतली गेली. या काडतुसाला कडा नसल्यामुळे मॅगझिनचा बाक कमी झाला, बाकी यंत्र तेच राहिलं. ब्रिटननेही असंच केलं. त्यांची ७.६२ ची ब्रेन १९८२ च्या फॉकलंड युद्धात आणि १९९१ च्या आखाती युद्धातही होती.

मग आली इन्सास. पुण्याच्या ‘एआरडीई’ या डीआरडीओच्या प्रयोगशाळेत तयार झालेल्या या कुटुंबात रायफल आणि एलएमजी दोन्ही होत्या, काडतूस ५.५६ मिमीचं. याचं वजन ७.६२ च्या साधारण निम्मं, म्हणजे तेवढ्याच ओझ्यात दुप्पट गोळ्या. कागदावर हा मोठा फायदा. पण हलकी गोळी लांबवर कमी जोर ठेवते आणि इन्सास एलएमजी मुळात रायफलचंच जड नळीचं, बायपॉड लावलेलं रूप होतं.

नेगेव्हचा करार या पार्श्वभूमीवर बघितला पाहिजे. घेतलेला प्रकार ७.६२ मिमीचा आहे. म्हणजे लष्कर पुन्हा जड गोळीकडे वळलं. गोळ्या पट्ट्यावर आल्या, तापलेली नळी चटकन बदलण्याची सोय मिळाली आणि बंदुकीचं वजन आठ किलोच्या आत राहिलं. ब्रेनपेक्षा हलकी बंदूक, पण गोळ्यांचं ओझं तेवढंच, किंबहुना वेगामुळे जास्त.

इथे महाराष्ट्राचा थेट संबंध येतो. बंदूक बाहेरून घेता येते, काडतुसं मात्र वर्षानुवर्षं लागत राहतात. पुण्याजवळचं खडकी आणि जळगाव जिल्ह्यातलं वरणगाव इथल्या सरकारी कारखान्यांत लहान शस्त्रांची काडतुसं बनतात. २०२१ पासून हे कारखाने ‘म्युनिशन्स इंडिया लिमिटेड’ या पुण्यात मुख्यालय असलेल्या कंपनीत आले. एलएमजीची भूक वाढली की त्याचा भार शेवटी अशाच कारखान्यांवर येतो.

जगात कोणता विचार जिंकतोय?

दोन्ही विचार अजून जिवंत आहेत. अमेरिकेच्या मरीन दलाने गेल्या दशकात सेक्शनमधली पट्ट्यावरची एम २४९ बरीचशी बाजूला ठेवून ‘एम २७’ ही रायफल आणली, ३० गोळ्यांच्या मॅगझिनवर चालणारी. गोळ्या कमी पण नेमक्या, हा ब्रेनचाच युक्तिवाद. त्याच देशाच्या लष्कराने एप्रिल २०२२ मध्ये ६.८ मिमीची, पट्ट्यावर चालणारी नवी मशीनगन निवडली. एकाच देशाची दोन दलं, दोन उत्तरं.

तिकडे युक्रेनमध्ये इराणी बनावटीच्या ड्रोनवर मारा करायला शंभर वर्षांपूर्वीच्या आराखड्याच्या मॅक्सिम गनही बाहेर काढल्या गेल्या. एका जागी बसून, आकाशाकडे सलग मारा करायचा, तर पाण्याने थंड होणारी जड बंदूक कामाची ठरते. जवानाच्या खांद्यावर तिचा काहीही उपयोग नाही.

पुढची पोस्ट वाचताना काय बघायचं?

‘मिनिटाला इतक्या गोळ्या’ हा आकडा दिसला, तर त्यासोबत चार प्रश्न विचारता येतात. नळी तापल्यावर बदलता येते का, आणि किती गोळ्यांनंतर? एका काडतुसाचं वजन किती आणि सेक्शन एकूण किती काडतुसं नेणार? चिखल-बर्फात अडकली तर जवान जागेवरच ती चालू करू शकतो का? आणि ते काडतूस देशात पुरेसं बनतं का?

या प्रश्नांची उत्तरं पोस्टरवर मावत नाहीत, म्हणून ती सहसा दिसत नाहीत. पण सीमेवरच्या चौकीत रात्री मारा सुरू होतो, तेव्हा ७०० हा आकडा कोणी मोजत नसतं. पाऊचमध्ये किती गोळ्या उरल्या आणि हातातली नळी अजून किती वेळ टिकेल, हेच मोजलं जातं. ब्रेन बनवणाऱ्यांनी सुरुवात याच दोन प्रश्नांपासून केली होती.